गॅस्केलबाईंची पत्रे आणि शार्लट ब्राँटेचे चरित्र



२५ मार्च १८५७ रोजी लंडनच्या स्मिथ, एल्डर या प्रकाशनसंस्थेने ‘द लाइफ ऑफ शार्लट ब्राँटे’ हे दोन खंडांचे चरित्र प्रसिद्ध केले. चरित्रनायिका ‘जेन एअर’ची लेखिका. तिला जाऊन पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. चरित्र लिहिणाऱ्या एलिझाबेथ गॅस्केल या स्वतः नावाजलेल्या कादंबरीकार होत्या आणि शार्लटच्या मैत्रीणही होत्या. पुस्तकाचे मोठे कौतुक झाले. पण ३० मेच्या ‘टाइम्स’मध्ये गॅस्केलबाईंच्या वकिलांचे जाहीर माफीपत्र झळकले आणि न खपलेल्या प्रती बाजारातून परत घ्याव्या लागल्या. दुरुस्त केलेली तिसरी आवृत्ती त्याच वर्षी निघाली. तेव्हापासून या पुस्तकाबद्दलचे एक मत चालत आले आहे : गॅस्केलबाई सहृदय होत्या, पण भाबड्या होत्या. ज्याने जे सांगितले ते त्यांनी खरे मानले आणि कादंबरीकाराच्या हातून चरित्राची कादंबरी झाली. हे मत मला मान्य नाही. या पुस्तकासाठी त्यांनी दोन वर्षे जो पत्रव्यवहार केला, तो वाचल्यावर ते टिकत नाही. माझे म्हणणे याच्याही थोडे पुढे जाते. चरित्रकाराने माहिती जमवताना केलेला पत्रव्यवहार हा चरित्राचाच भाग आहे. तो डोळ्यांआड ठेवून चरित्राची किंमत करता येत नाही.

आधी हकीकत पाहू. शार्लट ३१ मार्च १८५५ला हॉवर्थच्या पाद्रीवाड्यात वारली. तिचे वय होते अडतीस आणि लग्नाला वर्षही झाले नव्हते. गॅस्केलबाईंना ही बातमी कळवली ती हॉवर्थमधल्या कागद-दौतीच्या दुकानदाराने, जॉन ग्रीनवुडने. ब्राँटे बहिणी लिहिण्यासाठी कागद घेत तो त्याच्याच दुकानातून. त्याला गॅस्केलबाईंनी जे उत्तर पाठवले त्यात दुःख आहे, आणि त्याच्या जोडीने प्रश्नही आहेत : शेवटचे दिवस कसे गेले, आजार काय होता, कोण जवळ होते. चरित्राची कल्पना अजून कोणी मांडलीही नव्हती, पण चौकशी सुरू झाली होती. ३१ मेला त्यांनी प्रकाशक जॉर्ज स्मिथला कळवले की आपल्याला आठवते तेवढे लिहून ठेवायचे आहे, आणि ज्यांना दुखावेल अशी माणसे हयात नसतील तेव्हा ते छापता येईल. पुढे जे घडले ते अगदी उलट होते. एका मासिकात ब्राँटे घराण्याबद्दल उलटसुलट मजकूर आला. शार्लटची जिवलग मैत्रीण एलेन नसी त्याने व्यथित झाली आणि गॅस्केलबाईंकडून उत्तर लिहवून घ्यावे असे तिने सुचवले. १६ जूनला वृद्ध पिता पॅट्रिक ब्राँटे यांनी रीतसर विनंतीचे पत्र पाठवले. शार्लटचे पती आर्थर बेल निकल्स यांना हे सगळे मनापासून नको होते, सासऱ्यांच्या इच्छेपुढे त्यांनी मान तुकवली एवढेच. दुखावतील अशी सगळी माणसे हयात असतानाच पुस्तक लिहायचे ठरले. पुढच्या साऱ्या अडचणींचे मूळ इथे आहे.

सामग्री कोणाकडे होती? मुख्यतः एलेनकडे. शार्लटची शेकडो पत्रे तिने जपून ठेवली होती. त्यातली निवडलेली साडेतीनशेच्या आसपास पत्रे तिने गॅस्केलबाईंना वाचायला दिली. ही पत्रे उरली हेच नवल. १८५४च्या ऑक्टोबरात निकल्स यांनी बायकोच्या खांद्यावरून तिची पत्रे वाचली आणि बजावले की असली मोकळी पत्रे काडेपेटीतल्या काड्यांइतकी धोक्याची आहेत, एलेनने ती जाळण्याचे वचन द्यावे. एलेनने वचन दिले ते अटीवर, आणि पाळले मात्र नाही. दुसरी मैत्रीण मेरी टेलर. ती न्यूझीलंडला वेलिंग्टनमध्ये दुकान चालवत होती. सावधगिरी म्हणून शार्लटची पत्रे तिने पूर्वीच नष्ट केली होती. उरले होते एकच पत्र, शार्लट आणि तिची धाकटी बहीण ॲन १८४८च्या जुलैत लंडनला जाऊन प्रकाशकासमोर उभ्या राहिल्या त्याची हकीकत सांगणारे. या दोन मैत्रिणींमधला फरक नीट पाहायला हवा. एलेन सनातनी आणि धर्मभीरू होती. तिला लिहिताना शार्लट कर्तव्य, आजारपण आणि घरच्या काळज्या यांबद्दलच जास्त लिहीत असे. मेरी बंडखोर होती. स्त्रियांनी स्वतःच्या पायावर उभे राहावे हा तिचा आयुष्यभराचा आग्रह. तिला लिहिलेल्या पत्रांत राजकारण, पैसा आणि महत्त्वाकांक्षा यांवर बोलणारी शार्लट असणार. ज्या मैत्रिणीने पत्रे ठेवली तिच्या नजरेतली शार्लट जगाला मिळाली.

गॅस्केलबाईंना हा असमतोल कळला होता. त्यांनी समुद्रापलीकडे मेरीला प्रश्न पाठवले. १८५६च्या जानेवारीत मेरीने शाळेच्या दिवसांपासूनच्या आठवणी लांबलचक पत्रात लिहून काढल्या. त्या इतक्या ठसठशीत होत्या की गॅस्केलबाईंनी त्यांचे मोठे भाग मेरीच्याच शब्दांत पुस्तकात घातले. ऐकलेल्यावर विसंबणारी लेखिका एवढी यातायात करत नाही.

पॅट्रिक ब्राँटे यांचीही पत्रे पाहा. मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात ती आहेत, चरित्राचे हस्तलिखितही तिथेच आहे. १८५५च्या ३० जुलैच्या पत्रात ते एक प्रसंग सांगतात. मुले लहान होती, सर्वांत धाकटी ॲन चार वर्षांची. मुलांच्या मनात बोलतात त्याहून बरेच काही आहे अशी बापाला शंका. घरात एक मुखवटा होता. एकेकाला त्याच्याआड उभे करून त्यांनी प्रश्न विचारले, म्हणजे मूल न बिचकता बोलेल. ॲनला विचारले, तुझ्यासारख्या मुलाला सर्वांत जास्त काय हवे असते? तिचे उत्तर होते, वय आणि अनुभव. हे सांगणारा बाप मुलांच्या बुद्धीकडे कुतूहलाने आणि आदराने पाहणारा आहे. गॅस्केलबाईंनी हा मजकूर पुस्तकात घेतलाही. पण त्याच्या शेजारीच दुसरा पॅट्रिक उभा आहे : रागाच्या भरात मुलांचे रंगीत बूट जाळणारा, बायकोचा रेशमी पोशाख कापणारा, मागच्या दाराशी पिस्तूल झाडणारा. हा कुठून आला? त्याचे उत्तर पुस्तकात मिळत नाही. ते मिळते २५ ऑगस्ट १८५०च्या एका खासगी पत्रात. त्याच आठवड्यात विंडरमिअरजवळ के-शटलवर्थ दांपत्याच्या घरी शार्लटची आणि गॅस्केलबाईंची पहिली भेट झाली होती. भेटीनंतर त्यांनी मैत्रीण कॅथरीन विंकवर्थला लिहिले, आणि यजमानीणबाईंकडून ऐकलेल्या गोष्टी त्यात भरल्या. यजमानीणबाईंना त्या मिळाल्या होत्या शार्लटच्या आईची शुश्रूषा केलेल्या एका बाईकडून. म्हणजे चरित्राची विनंती येण्याच्या पाच वर्षे आधीच ओसाड माळरान, तिरसट बाप आणि सोशीक मुलगी हे चित्र पक्के झाले होते. इथे दोष आहे, आणि तो मी झाकत नाही. पण हा भाबडेपणा नव्हता. आधी मनात बसलेल्या चित्रात नवा पुरावा बसवण्याची ती चूक होती, आणि चरित्रकाराला तिच्यापासून सर्वाधिक जपावे लागते. ही चूक आपल्याला तारखेनिशी दाखवता येते ती केवळ ते पत्र उरले म्हणून.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो. १८४२ साली शार्लट आणि तिची बहीण एमिली ब्रुसेल्सला हेगर दांपत्याच्या शाळेत शिकायला गेल्या. मावशीच्या मृत्यूमुळे दोघी परतल्या. १८४३च्या जानेवारीत शार्लट एकटीच पुन्हा गेली, वर्षभर राहिली आणि खचून परत आली. आपले शिक्षक कॉन्स्टांटिन हेगर यांच्यावर तिचे प्रेम जडले होते. ते विवाहित होते. परतल्यावर तिने त्यांना फ्रेंचमध्ये पत्रे लिहिली. त्यातली चार उरली आहेत, जुलै १८४४ ते नोव्हेंबर १८४५ या काळातली. उत्तराची वाट पाहता पाहता ती हळूहळू याचना करू लागते. हेगर यांनी ती फाडून टाकली आणि त्यांच्या पत्नीने तुकडे गोळा करून जोडले, अशी हेगर कुटुंबातली हकीकत आहे. आज ब्रिटिश लायब्ररीत ती पाहता येतात. त्यातल्या काहींच्या चिरफळ्या धाग्याने टाके घालून जुळवलेल्या आहेत.

गॅस्केलबाई १८५६च्या मे महिन्यात मुद्दाम ब्रुसेल्सला गेल्या. हेगर यांच्या पत्नीने भेट नाकारली, हेगर भेटले. चरित्रात या पत्रांतले काही निरुपद्रवी उतारे येतात, आदराने गुरूंना लिहिणाऱ्या शिष्येचे. त्यापलीकडे अक्षर नाही. नुसते पुस्तक वाचणारा म्हणेल, बाईंना काही कळले नाही. पण त्याच वर्षीच्या ऑगस्टात त्या जॉर्ज स्मिथला लिहितात. शार्लटची ‘द प्रोफेसर’ ही अप्रकाशित कादंबरी नुकतीच हाती आली होती. जुलैत सर जेम्स के-शटलवर्थ यांनी हॉवर्थला जाऊन निकल्स यांच्या नाखुशीची पर्वा न करता ते हस्तलिखित अक्षरशः उचलून आणले होते. गॅस्केलबाईंना धास्ती होती की या कादंबरीत हेगर यांच्याबद्दल काही निघेल, आणि त्यातून ती पत्रे उजेडात येण्याची वेळ येईल. तसे होऊ नये असे त्या निक्षून लिहितात. ज्या पत्रांत केवळ गुरुभक्ती आहे ती छापली जाण्याची कोणी इतकी धास्ती घेत नाही. त्यांना कळले होते. त्यांनी लपवले, आणि काय लपवतो आहोत ते जाणून लपवले.

मग चरित्रकारापुढे एक पोकळी उरते. ब्रुसेल्सहून आल्यावर शार्लट दीड-दोन वर्षे खिन्न का होती? पुस्तक बोट दाखवते भावाकडे, ब्रॅनवेलकडे. तो रॉबिन्सन कुटुंबात शिकवणीला होता, मालकिणीशी त्याचे प्रकरण असल्याचे त्याने घरी सांगितले, नोकरी सुटली, तो दारू आणि अफूच्या आहारी गेला आणि सप्टेंबर १८४८मध्ये वारला. हे दुःख खरे होते यात शंका नाही. पण तारखा जुळत नाहीत. ब्रॅनवेलची नोकरी सुटली जुलै १८४५मध्ये, आणि हेगरना लिहिलेली पत्रे त्याच्या वर्षभर आधीपासूनची. पोकळी भरायची तर भावाचे प्रकरण मोठे करायला हवे, आणि ते मोठे करायचे तर त्या मालकिणीला खलनायिका करायला हवे. गॅस्केलबाईंनी नाव छापले नाही, पण ओळख पटेल इतके लिहिले. ती बाई आता लेडी स्कॉट झाली होती. तिने वकिलांकरवी खटल्याची धमकी दिली आणि माफीपत्र त्यामुळे आले. गॅस्केलबाई हे अनवधानाने करून बसल्या म्हणावे, तर २ ऑक्टोबर १८५६चे जॉर्ज स्मिथला लिहिलेले पत्र आडवे येते. अब्रुनुकसानीच्या कायद्याची तुम्हाला भीती वाटते का, असे त्या त्याला विचारतात आणि ज्यांच्यावर आपल्याला तसे लिहायचे आहे अशा तिघांची नावे देतात. पहिलेच नाव लेडी स्कॉट. धोका पुस्तक निघण्याच्या सहा महिने आधीच त्यांच्या लेखी हिशेबात धरलेला होता. एका विवाहित पुरुषाची आणि मृत मैत्रिणीची अब्रू राखायची म्हणून दुसऱ्या एका स्त्रीची अब्रू पणाला लावली गेली. या दोन निर्णयांचा एकमेकांशी संबंध आहे हे पुस्तकाच्या कुठल्याही आवृत्तीत, पहिल्यात किंवा तिसऱ्यात, दिसत नाही. दिसते ते फक्त पत्रांत.

यावर पहिला आक्षेप असा येईल की त्यांनी लपवले ते योग्यच केले, मग आता पत्रे उकरून काय मिळवायचे? लपवले ते योग्य होते हे मला मान्य आहे. १८५७ साली निकल्स जिवंत होते, पॅट्रिक ऐंशीचे होते, हेगर यांच्या शाळेत मुली शिकत होत्या. त्या काळच्या इंग्लंडात ही पत्रे छापली असती तर शार्लटच्या कादंबऱ्या सभ्य घरांतून हद्दपार झाल्या असत्या. ‘जेन एअर’वर असभ्यतेचा शिक्का मारू पाहणारे टीकाकार टपलेलेच होते, आणि त्यांना उत्तर देणे हाच तर पुस्तकाचा हेतू. लपवण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सत्य आज बोलायचे नाही हा निर्णय एक, आणि ते कायमचे पुसायचे हा निर्णय वेगळा. गॅस्केलबाईंनी पहिला घेतला आणि पत्रांत आपल्या निर्णयाची खूण ठेवली. पुढच्या पिढ्यांना त्यामुळे त्यांचे पुस्तक दुरुस्त करता आले, आणि त्यांच्याबद्दलचा आदर सोडावा न लागता करता आले.

दुसरा आक्षेप कलेच्या बाजूने येतो. इमारत उभी राहिली की परांची उतरवतात. चरित्र स्वतःच्या बळावर उभे राहिले पाहिजे, लेखकाच्या टिपा आणि पत्रे चाळत बसणे हे वाचन नव्हे. कादंबरीच्या बाबतीत हे मी लगेच मान्य करीन. शार्लटची ‘व्हिलेट’ ही कादंबरी वाचायला हेगर यांचे नाव कळायलाच हवे असे नाही. पण चरित्र वाचकाला सांगते की हे असे घडले, आणि त्या दाव्याबरोबर पुराव्याची जबाबदारी येते. कोणाला विचारले, कोणी उत्तर दिले, कोणी टाळले, कोणत्या अटीवर कागद मिळाले, हा सगळा पुराव्याचाच भाग आहे. निकल्स यांचेच उदाहरण घ्या. कायद्याने पत्राचा कागद ज्याला आले त्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याच्या वारसाचा. एलेनने पत्रे दिली तरी छापायला निकल्स यांची परवानगी हवी हे उशिरा ध्यानात आले, आणि १८५६च्या अखेरीस त्यांनी ती नाखुशीने दिली. ज्याच्या सहीशिवाय पुस्तक निघणार नाही, अशा पतीचे चित्र रंगवताना लेखणी किती मोकळी राहील? त्यांच्याबद्दलची पाने वाचताना ही सही डोळ्यांसमोर असायला हवी.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. पत्रे तरी कुठे निखळ सत्य सांगतात? माणूस ज्याला लिहितो त्याच्याजोगे लिहितो. गॅस्केलबाई प्रकाशकाला लिहिताना धीट आणि चटपटीत असतात, एलेनला लिहिताना हळव्या, पॅट्रिकना लिहिताना नम्र. यातली खरी कोणती? आक्षेप बरोबर आहे, आणि त्याचे उत्तर पत्रांच्या संख्येत आहे. एकट्या पत्रावर भरवसा ठेवू नये. पण एकाच आठवड्यात तिघांना लिहिलेली तीन पत्रे शेजारी ठेवली की प्रत्येकाला काय सांगितले आणि काय गाळले ते कळते. शिवाय उत्तरे असतात. १८५७च्या ३० जुलैचे पॅट्रिक यांचे पत्र घ्या. पुस्तकातल्या आपल्या चित्राने तो म्हातारा माणूस दुखावला होता. चुका काढून टाकण्याची विनंती करताना तो आदळआपट करत नाही. तो म्हणतो की आपण थोडे विक्षिप्त आहोतच, आणि जगातल्या थंड, मोजूनमापून वागणाऱ्या माणसांपैकी असतो तर अशी मुले आपल्या पोटी बहुधा आलीच नसती. तिसऱ्या आवृत्तीतून ते किस्से बरेचसे गळाले. पण बूट जाळणाऱ्या बापाच्या त्या चित्राविरुद्ध खरी साक्ष देते ते हे पत्र. उलट बाजूने मेरी टेलरची साक्ष आहे. पहिली आवृत्ती वाचून तिने गॅस्केलबाईंना कळवले की एका खिन्न आयुष्याचे चित्र तुम्ही यथार्थ रेखाटले, वस्तुस्थिती याहूनही काळी होती. पुढे दुरुस्त आवृत्तीबद्दल तिने एलेनला लिहिले की खटला होवो न होवो, पहिल्या आवृत्तीतलेच खरे होते. बाप आणि मैत्रीण दोघांनीही शार्लटला जवळून पाहिलेले, आणि दोघांच्या साक्षी परस्परविरुद्ध. गॅस्केलबाईंना त्यांतून एक निवडावी लागली. आपल्यापुढे दोन्ही आहेत, कारण पत्रे शिल्लक आहेत.

राहिला खासगीपणाचा प्रश्न. विश्वासाने लिहिलेली पत्रे परक्यांनी का वाचावी? यावर हेगर कुटुंबाने दाखवलेली वाट मला योग्य वाटते. हेगर यांच्या पत्नी १८९०ला, ते स्वतः १८९६ला आणि निकल्स १९०६ला वारले. त्यानंतर मुलगा पॉल हेगर यांनी १९१३ साली ती चार पत्रे ब्रिटिश म्युझियमला दिली, आणि २९ जुलैच्या ‘टाइम्स’मध्ये ती छापली गेली. जिवंत माणसे गेली, मग कुलूप उघडले, आणि कागद सार्वजनिक ठिकाणी पोहोचले. एलेनच्या वाट्याला दुसरेच आले. आपली पत्रे संग्रहालयात जातील या समजुतीने तिने ती ग्रंथसंग्राहक टॉमस वाइज यांना विकली, आणि त्यांनी ती संग्राहकांमध्ये विखुरली. ती पुन्हा शोधून तारखा लावण्यात अभ्यासकांची कित्येक वर्षे गेली. मार्गारेट स्मिथ यांनी शार्लटच्या पत्रांचे तीन खंड सिद्ध केले ते १९९५ ते २००४ या काळात. गॅस्केलबाईंची स्वतःची पत्रे चॅपल आणि पोलार्ड यांनी १९६६ साली एकत्र छापली, तोवर त्यांच्या चरित्रावरचा भाबडेपणाचा शिक्का पुसायला साधनच हाती नव्हते. आणि तीही अपुरी. आपले चरित्र कोणी लिहू नये अशी त्यांची इच्छा होती, पत्रे जाळा असे त्या मुलींना बजावत, आणि मुलींनी ती आज्ञा बऱ्याच अंशी पाळली.

मराठीत चरित्रे भरपूर लिहिली जातात. ऋणनिर्देशात माहिती देणाऱ्यांची नावे येतात, पण त्यांना काय विचारले, कोणी काय नाकारले आणि कोणत्या अटी घातल्या, हे पुस्तकात नसते. चरित्रकाराच्या मागे ते कागद बहुधा घरच्यांच्या माळ्यावर जातात. माझी सूचना साधी आहे. चरित्र छापणाऱ्या प्रकाशकाने करारातच लिहून घ्यावे की आलेली पत्रे, लेखकाने पाठवलेल्या प्रश्नांच्या प्रती, नकार आणि नाराजीची पत्रेसुद्धा, एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे सोपवली जातील. ज्यांना खासगीपणा हवा त्यांनी पाकिटावर उघडण्याचे वर्ष लिहावे, तीस किंवा पन्नास वर्षांनंतरचे. प्रश्नांच्या प्रतींचा आग्रह मी विशेष धरतो, कारण उत्तरे कोणीतरी सहज जपतो, प्रश्न मात्र कोणी जपत नाही. मेरी टेलरने वेलिंग्टनहून काय लिहिले ते गॅस्केलबाईंच्या पुस्तकामुळे आपल्याला वाचता येते. तिला नेमके काय विचारले होते ते त्या पुस्तकात नाही.